ईजॅबरडी आणि संदेशांचा ओघ: शिस्त चोख, कळवाकळवी कमी

संस्थेसाठी स्वतःचा संदेश-सर्व्हर उभारायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो तो एका वेळी किती माणसे जोडता येतील हा. ईजॅबरडीपुरते त्याचे उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. अलेक्सेई श्चेपिन यांनी २००२ मध्ये अर्लांग भाषेत लिहायला घेतलेला आणि आज प्रोसेसवन ही फ्रेंच कंपनी सांभाळत असलेला हा मुक्त सर्व्हर इतका तगडा आहे की व्हॉट्सॲपच्या सुरुवातीच्या सर्व्हरची घडण त्याच्यापासूनच झाली. त्यामुळे क्षमतेची चर्चा येथे करत नाही. हे परीक्षण दुसऱ्या, फारशा न विचारल्या जाणाऱ्या बाजूचे आहे: कोणी नको तितक्या वेगाने पाठवू लागले तर ईजॅबरडी त्याला कसा आवरतो, आवरताना इतरांना कितपत झळ लागू देतो, आणि ज्याला आवरले त्याला तसे कळवतो का.

ईजॅबरडी एक्सएमपीपी या संदेशप्रणालीवर चालतो. तिच्यात क्लायंट, म्हणजे वापरकर्त्याचे ॲप, आणि सर्व्हर यांच्यात दीर्घकाळ चालू राहणारी एकच टीसीपी जोडणी असते, आणि तिच्यातून एक्सएमएलचे तुकडे, म्हणजे स्टॅन्झा, एकामागून एक वाहत राहतात. गप्पांचे संदेश, कोण उपलब्ध आहे हे सांगणाऱ्या उपस्थितीच्या सूचना आणि विचारणा-उत्तरांची देवाणघेवाण हे सगळे एकाच रांगेतून जाते. या रांगेला आवर घालणाऱ्या यंत्रणेला ईजॅबरडीत 'शेपर' म्हणतात, आणि शेपर फक्त येणारे बाइट मोजतो. ठरलेला वेग ओलांडला गेला तर तो आलेला मजकूर टाकून देत नाही आणि जोडणीही तोडत नाही. तो त्या सॉकेटमधून, म्हणजे जोडणीच्या सर्व्हरकडील टोकातून, पुढचे वाचणे काही काळ थांबवतो, एवढेच. वाचणे थांबले की कार्यप्रणालीचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरत जातो, टीसीपीची खिडकी, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या मजकुराची मुभा, आकसते आणि शेवटी पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच लिहिणे अडते. म्हणजे गर्दी सर्व्हरच्या स्मृतीत साचण्याऐवजी जिथून निघाली तिथेच थोपवली जाते. अर्लांगमध्ये प्रत्येक जोडणीला स्वतंत्र, हलकी प्रक्रिया मिळत असल्यामुळे एकाला थांबवले तरी शेजारच्याचे काम अडत नाही. प्रवाह आवरण्याची ही पद्धत मला मुळातूनच पटते, कारण तिच्यात प्रामाणिक वापरकर्त्याचा एकही संदेश हरवत नाही.

सर्व्हरसोबत येणाऱ्या नमुना संरचना-फाइलमध्ये दोन शेपर तयार असतात. 'नॉर्मल' नावाच्या शेपरला सेकंदाला ३,००० बाइटचा वेग आणि एका दमात २०,००० बाइटपर्यंतची सूट दिलेली असते. 'फास्ट' या शेपरचा वेग सेकंदाला १,००,००० बाइट असतो. सामान्य वापरकर्त्यांना पहिला लागू होतो, इतर सर्व्हरांकडून येणाऱ्या जोडण्यांना दुसरा, आणि प्रशासकाच्या खात्याला कोणताही नाही. ही शेवटची सवलत पाहताना स्वाभाविक वाटते. परंतु पुष्कळ ठिकाणी स्वयंचलित सूचना पाठवणाऱ्या स्क्रिप्ट प्रशासकाच्याच खात्यावरून चालवल्या जातात, आणि चक्रात अडकलेल्या स्क्रिप्टइतका बेफाम पाठवणारा दुसरा कोणी नसतो. अशा स्क्रिप्टला वेगळे खाते आणि वेगळा शेपर देणे इष्ट, आणि ईजॅबरडीची नियमरचना त्यासाठी पुरेशी लवचीक आहे: कोणत्या गटाला कोणता शेपर हे दोन-तीन ओळींत लिहिता येते, आणि सर्व्हर बंद न करता नवी संरचना वाचायला लावता येते.

सेकंदाला ३,००० बाइट हा आकडा आजच्या काळात हास्यास्पद वाटेल, पण तो तसा नाही. छायाचित्रे आणि ध्वनिफिती या जोडणीतून जातच नाहीत. एक्सईपी-०३६३ या विस्तारानुसार (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीत भर घालणारे क्रमांकित दस्तऐवज) त्या एचटीटीपीने वेगळ्या पोर्टवर चढवल्या जातात आणि संदेशात केवळ त्यांचा दुवा असतो. त्यांच्यावर शेपरची नजर नसते. तिथे फाइलच्या आकाराची मर्यादा आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या साठवणुकीचा कोटा अशी वेगळी व्यवस्था आहे. मुख्य जोडणीतून जाणारा मजकूर मनुष्याने टंकलेला असतो, आणि टंकणाऱ्या माणसाला सेकंदाला ३,००० बाइट गाठणे अवघड असते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक हिशेब लक्षात ठेवावा. एक्सएमपीपीत मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीतच पाठवावा लागतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'नमस्कार' या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. तितक्याच अक्षरांच्या रोमन शब्दाला सात बाइट पुरतात. त्यावर ओमेमोसारखे कूटलेखन, म्हणजे फक्त घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी मांडणी, असेल तर मजकूर बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलताना आणखी एक तृतीयांशाने फुगतो, आणि घेणाऱ्याच्या प्रत्येक उपकरणासाठी वेगळी किल्ली संदेशाला जोडली जाते. रोजच्या गप्पांना याने काही बाधा येत नाही. पण संस्थेचे परिपत्रक पूर्ण मजकुरासह गटात चिकटवण्याची सवय असलेल्या मराठी कार्यालयात २०,००० बाइटची सूट इंग्रजी कार्यालयापेक्षा लवकर संपते, आणि मर्यादा ठरवणाऱ्याने हे आधीच धरून चालावे.

खरी अडचण सूट संपल्यानंतर सुरू होते. समजा कोणी आपले छायाचित्र खात्याला जोडले. हे छायाचित्र मात्र, वर सांगितलेल्या फाइलींप्रमाणे एचटीटीपीने न जाता, पुष्कळदा मुख्य जोडणीतूनच जाते. मूळ चित्र ३०,००० बाइटचे असेल तर बेस-६४ मध्ये ते ४०,००० होते. त्यातले निम्मे एका दमाच्या सवलतीत बसते आणि उरलेल्या निम्म्याला सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्याच माणसाने 'निघालो' असे लिहिले तर तो शब्द चित्राच्या मागे रांगेत थांबतो. सात सेकंद कोणी मनावर घेणार नाही. परंतु नमुना संरचनेत वापरकर्त्याला एका स्टॅन्झासाठी २,६२,१४४ बाइटपर्यंत मुभा आहे, आणि 'नॉर्मल' शेपरच्या वेगाने एवढा स्टॅन्झा पूर्ण वाचून व्हायला सुमारे ऐंशी सेकंद लागतील. एकाच फाइलमधले हे दोन आकडे एकमेकांशी जुळवून घेतलेले नाहीत, आणि माझ्या मते नमुना संरचनेतला हा सर्वांत मोठा दोष आहे.

दोष केवळ विलंबाचा नाही. त्या ऐंशी सेकंदांत क्लायंटने जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी पाठवलेली विचारणाही त्याच रांगेत, त्या अवजड स्टॅन्झाच्या मागे अडकते. उत्तर वेळेत आले नाही की क्लायंट जोडणी मेली असे समजून ती तोडतो, पुन्हा जोडतो आणि पोच न मिळालेला तोच स्टॅन्झा पुन्हा पाठवू लागतो. वेग आवरण्यासाठी केलेली योजना अशा वेळी वाहतूक वाढवते. वापरकर्त्याला मात्र 'नेटवर्क गेले' एवढेच दिसते. सर्व्हरने आपल्याला हळू केले आहे हे त्याला कुठूनही कळत नाही, कारण शेपर लागू झाल्याचे क्लायंटला सांगणारा कोणताही निरोप ईजॅबरडी पाठवत नाही. सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण प्रणालीतच तशी सोय नाही. जोडणीच्या मर्यादा आधी जाहीर करण्यासाठी एक्सईपी-०४७८ हा विस्तार आला आहे खरा, परंतु त्यात स्टॅन्झाचा कमाल आकार आणि जोडणी किती काळ निष्क्रिय राहू शकते एवढेच सांगता येते, वेगाची मर्यादा नाही.

मॅट्रिक्स या प्रतिस्पर्धी प्रणालीतला सिनॅप्स हा सर्व्हर नेमका उलट वागतो. तो बाइट न मोजता संदेश मोजतो. त्याच्या मूळ मर्यादेनुसार एका वापरकर्त्याला पाच सेकंदांना एक संदेश आणि एका दमात दहा संदेशांची सूट असते. मर्यादा ओलांडली की तो विनंती नाकारतो आणि किती मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करावा हेही उत्तरात लिहितो. टेलिग्रामच्या बॉटांनाही असेच 'इतक्या सेकंदांनी या' असे उत्तर मिळते. या पद्धतीत कळवाकळवी स्वच्छ आहे, पण पुन्हा पाठवण्याची जबाबदारी क्लायंटवर पडते, आणि ती नीट न पाळणारा क्लायंट एक तर संदेश हरवतो किंवा नकार मिळताच लगेच पुन्हा दार ठोठावतो. ईजॅबरडीच्या पद्धतीत बेशिस्त क्लायंटलाही शिस्त पाळावीच लागते, कारण त्याचे बाइट वाचलेच जात नाहीत. आयआरसी या जुन्या गप्पा-प्रणालीची रीत या दोघांच्या मधली होती: १९९३ च्या आरएफसी १४५९ या इंटरनेट-दस्तऐवजानुसार प्रत्येक संदेशामागे क्लायंटच्या खात्यावर दोन सेकंदांचा दंड चढे आणि हा दंड दहा सेकंदांच्या पुढे गेला की सर्व्हर त्याचे पुढचे संदेश वाचायचा थांबे. एक्सएमपीपीचाच दुसरा लोकप्रिय सर्व्हर प्रोसोडी हाही बाइटच मोजतो. त्याच्या नमुना संरचनेत क्लायंटला सेकंदाला दहा किलोबाइट आणि इतर सर्व्हरांना तीस किलोबाइट अशी मुभा असते. छोट्या संस्थेला प्रोसोडीचे हे आकडे अधिक व्यवहार्य वाटतील.

ईजॅबरडीची सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना गटसंवादाच्या खोल्यांत सापडते. खोलीत आलेला एक संदेश प्रत्येक सदस्याला पोहोचवावा लागतो. खोलीची मूळ मर्यादा दोनशे सदस्यांची आहे, म्हणजे एकाने सेकंदाला ३,००० बाइट आत ढकलले तर सर्व्हरला सहा लाख बाइट बाहेर काढावे लागतात. येणाऱ्या बाजूला बसलेल्या शेपरला हा गुणाकार दिसत नाही. म्हणून खोल्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, आणि ती बाइटांची नसून दोन संदेशांमधल्या किमान अंतराची आहे. ईजॅबरडीची मार्गदर्शिका संदेशांसाठी ०.४ सेकंद आणि उपस्थितीच्या सूचनांसाठी ४ सेकंद असे अंतर सुचवते. या दोन्हींना मिळणारी वागणूक मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली आहे, आणि मला तीच सर्वांत आवडते. संदेश फार वेगाने येत राहिले तर जास्तीचे नाकारले जातात, पण पाठवणाऱ्याला कारणासह चूक कळवली जाते, कारण माणसाने लिहिलेले शब्द गुपचूप टाकून देणे अक्षम्य आहे. उपस्थितीच्या सूचना मात्र साठवून धरल्या जातात आणि अंतर संपल्यावर त्यांतली केवळ शेवटची पुढे जाते. मधल्या सूचना न सांगता सोडून दिल्या जातात. कोणी चार सेकंदांत तीनदा 'उपलब्ध' आणि 'दूर' असे करत राहिला तर शेवटी तो कोणत्या स्थितीत आहे एवढेच इतरांना हवे असते.

येथेही तक्रारीला जागा आहे. पहिली म्हणजे हे अंतर मुळात शून्य असते, म्हणजे प्रशासकाने स्वतः लिहीपर्यंत खोल्यांना हे संरक्षण नसते. दुसरी तक्रार ०.४ या आकड्याविषयी आहे. बोटांनी लिहिणाऱ्याला तो पुरेसा आहे, पण मुंबई-पुणे गाडी घाटातल्या बोगद्यांतून जात असताना लिहून ठेवलेले पाच संदेश बाहेर पडताच फोन एकाच क्षणी पाठवतो. त्यातले काही चूक म्हणून परत येण्याची शक्यता राहते, आणि ते पुन्हा पाठवणे सर्वस्वी क्लायंटच्या शहाणपणावर अवलंबून असते. शेपरप्रमाणे येथेही 'एका दमात इतके चालतील' अशी सूट असती तर ही अडचण उरली नसती.

विषयाला थोडे सोडून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वेगाची मर्यादा म्हणजे केवळ यंत्राचे रक्षण असा समज रूढ आहे, पण सगळीच गर्दी बाइटांत मोजता येत नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्या काळात देशभर अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. अफवेचा संदेश आकाराने लहानच असतो, तो कोणत्याही शेपरखालून सहज निघून जातो. ईजॅबरडीत 'हाच मजकूर किती ठिकाणी गेला' असे मोजणारी सोय मूळ संरचनेत नाही, आणि कूटलेखन वापरले तर सर्व्हरला ते मोजताही येणार नाही. सार्वजनिक सेवा चालवू पाहणाऱ्याने शेपर बसवला म्हणजे काम झाले असे समजू नये. अनोळखी खात्यांचे संदेश अडवणारे मॉड्यूल उपलब्ध आहे, ते निदान चालू करावे.

मोबाइलवरील वापरासाठी सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या ओघाचाही विचार केलेला आहे. एक्सईपी-०३५२ नुसार क्लायंटने 'मी आता पडद्यावर नाही' असे कळवले की उपस्थितीच्या सूचना, 'लिहीत आहे' अशा खुणा आणि तत्सम बिनमहत्त्वाचा मजकूर ईजॅबरडी साठवून ठेवतो आणि योग्य वेळी एकत्र सोडतो. ही सोय चांगली चालते आणि तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

तुटक जाळ्यासाठी असलेल्या एक्सईपी-०१९८ या विस्ताराकडे मात्र लक्ष द्यायला हवे. त्यात प्रत्येक बाजू दुसरीला किती स्टॅन्झा मिळाले याची पोच देते, आणि पोच न मिळालेले स्टॅन्झा सर्व्हर रांगेत जपून ठेवतो; जोडणी तुटली तरी मूळ संरचनेनुसार पाच मिनिटांपर्यंत तेच सत्र पुन्हा चालू करता येते. या रांगेची मूळ मर्यादा ५,००० स्टॅन्झांची आहे, आणि ती भरली की सर्व्हर ते सत्रच संपवतो. गजबजलेल्या खोल्यांत बसलेल्या पण जाळ्याबाहेर गेलेल्या फोनसाठी ही मर्यादा योग्य आहे. अशी सत्रे फार असतील तर रांग स्मृतीऐवजी डिस्कवर ठेवण्याचा पर्यायही आहे, जो भाड्याच्या लहान सर्व्हरवर फार उपयोगी पडतो. एवढे करूनही एखादी प्रक्रिया फुगत गेलीच तर शेवटचा उपाय म्हणून स्मृतीचा वापर ८० टक्क्यांपलीकडे गेल्यावर लांबलचक रांग असलेल्या प्रक्रिया मारणारा पहारेकरी मूळ संरचनेतच जागा असतो.

दोन सर्व्हरांमधल्या जोडणीचा भाग मला सर्वांत कच्चा वाटतो. समोरच्या सर्व्हरवरच्या सगळ्या वापरकर्त्यांचे आपल्याकडे येणारे संदेश सामान्यतः एकाच जोडणीतून येतात, आणि शेपर त्या जोडणीला एक घटक मानतो. तिथल्या एकाने धुमाकूळ घातला तर सेकंदाला १,००,००० बाइटची संपूर्ण मुभा तो एकटा खाऊ शकतो आणि त्याच सर्व्हरवरचे बाकीचे निरपराध लोक त्याच्या मागे ताटकळतात. पाठवणाऱ्या पत्त्यानुसार वेगळा हिशेब ठेवण्याची सोय या शेपरमध्ये नाही.

आयपी पत्त्यावर आधारलेल्या मर्यादांबाबत भारतातल्या प्रशासकाने विशेष सावध असावे. एकाच आयपी पत्त्यावरून नवे खाते उघडण्यात मूळ संरचनेनुसार ६०० सेकंदांचे अंतर असावे लागते, आणि चुकीच्या संकेतशब्दाचे वीस प्रयत्न झाले की तो पत्ता तासाभरासाठी अडवणारे मॉड्यूलही आहे. घराघरांत स्वतंत्र पत्ते असलेल्या देशात हे आकडे योग्य ठरतील. आपल्याकडे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि शाळा-महाविद्यालयांचे संपूर्ण आवार एका पत्त्यावरून बाहेर पडते. तिथे तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाने एका तासिकेत स्वतःहून खाती उघडायची म्हटली तर पहिल्याचे उघडेल आणि दुसऱ्याला दहा मिनिटे थांबावे लागेल. खाती प्रशासकाने आज्ञावलीतून आधीच तयार करून ठेवणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

पन्नास ते दोनशे माणसांच्या संस्थेने ईजॅबरडी घेण्यास माझी हरकत नाही, उलट शिफारसच आहे, परंतु नमुना संरचना जशीच्या तशी वापरू नये. 'नॉर्मल' शेपरचा वेग १०,००० बाइट आणि एका दमाची सूट ५०,००० बाइट करावी, आणि वापरकर्त्याच्या स्टॅन्झाची मर्यादा ६५,५३६ बाइटवर आणावी. आरएफसी ६१२० या एक्सएमपीपीच्या मूळ दस्तऐवजानुसार ही मर्यादा १०,००० बाइटपेक्षा कमी ठेवता येत नाही, त्यामुळे नियमभंग होत नाही, आणि सर्वांत मोठा स्टॅन्झाही दीड-दोन सेकंदांत वाचून होतो, म्हणजे क्लायंटने जोडणी मेली असे समजण्याची वेळ येत नाही. खोल्यांत संदेशांचे अंतर ०.४ सेकंदाऐवजी ०.२ सेकंद आणि उपस्थितीचे सुचवलेलेच ४ सेकंद ठेवावे. ज्यांना खुल्या जाळ्यावर, अनोळखी सर्व्हरांशी जोडलेली सार्वजनिक सेवा चालवायची आहे त्यांनी दोन सर्व्हरांमधल्या जोडणीवर स्वतः लक्ष ठेवण्याची तयारी असल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.